आधी पाण्याला वाट, मग मातीची गाडी



तुरीच्या राशी आटोपल्या आणि ऊन तापू लागले की आपल्या निंबर्ग्याच्या रस्त्यांवर मातीचे ट्रॅक्टर धावू लागतात. कोणी तलावातला गाळ नेतो, कोणी टेकडीचा मुरूम नेतो, कोणी रस्त्याच्या कामातून निघालेली माती फुकट मिळाली म्हणून शेतात टाकून घेतो. पावसाळ्याआधी जमीन सुधारून घ्यावी, हा हेतू चांगलाच आहे. या दिवसांत आमच्याकडे येणारे अनेक जण एकच प्रश्न विचारतात, "फादर, शेतात बाहेरची माती टाकू का?"

काही वर्षांपूर्वी आम्ही या प्रश्नाला विचार न करता "जरूर टाका" असे उत्तर देत होतो. त्याचे फळ आमच्या परिचयाच्या एका शेतकरी बंधूला भोगावे लागले. त्यांची दोन एकर काळी जमीन ओढ्याच्या बाजूला उतरती आहे. पावसाळ्यात तिथे पाणी साचे आणि तूर पिवळी पडे. "तलावाचा गाळ म्हणजे सोने," असे आम्हीच त्यांना सांगितले. त्यांनी सोसायटीचे कर्ज आणि घरातला एक दागिना यांच्या बळावर दोन एकरांत दीडशे ट्रॉल्या गाळ टाकला. पुढच्या पावसाळ्यात पाणी पूर्वीपेक्षाही जास्त दिवस साचून राहिले आणि तूर मुळापासून गेली. गाळ चांगला होता आणि शेतकरीही कष्टाळू होता. चूक सल्ल्यात होती. त्या चुकीनंतर आम्ही या विषयाची माहिती करून घेतली. ती आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

सगळ्या लेखाचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे: बाहेरची माती हे औषध आहे. रोग ओळखल्याशिवाय औषध द्यायचे नसते. आणि पाणी साचण्याच्या रोगावर पहिले औषध माती नसून पाण्याला वाट हे आहे.

वाफसा का हवा?

आपले वाडवडील पेरणीच्या वेळी "वाफसा आला का?" असे विचारीत. या एका शब्दात जमिनीचे सारे शास्त्र आले. जमिनीच्या कणांमध्ये लहान-मोठ्या पोकळ्या असतात. लहान पोकळ्यांत पाणी टिकून राहते, मोठ्या पोकळ्यांतून जादा पाणी खाली उतरते आणि त्या जागी हवा शिरते. पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असली म्हणजे वाफसा आला. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचा श्वास कोंडतो, ती अन्न घेईनाशी होतात आणि पाने पिवळी पडतात. आपण समजतो खत कमी पडले, आणि वर युरिया टाकतो. तोही वाया जातो.

तुरीला तर साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. अशा जमिनीत खोड आणि मूळ कुजविणाऱ्या बुरशी बळावतात. आपला कलबुर्गी जिल्हा तुरीचे कोठार म्हणून ओळखला जातो. 'गुलबर्गा तूर डाळ' हिला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु २०२२-२३ च्या हंगामात कलबुर्गी, बीदर आणि यादगीर जिल्ह्यांत मर रोगाने तुरीचे किती नुकसान केले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून पाण्याचा निचरा हा आपल्याकडे घरातल्या भाकरीचा प्रश्न आहे.

आपली जमीन कोणत्या जातीची?

आपल्या सीमाभागात ढोबळ मानाने दोन प्रकारच्या जमिनी आहेत. बीदरच्या पठारावर जांभ्या दगडाची तांबडी, भरड जमीन पुष्कळ आहे. आळंद आणि कलबुर्गीकडे बहुतेक काळी जमीन आहे. तिच्यात कुठे पाच-सहा फुटांवर मुरूम लागतो, तर कुठे माळाच्या उतारावर वीतभर मातीखालीच मुरूम असतो.

तांबड्या आणि मुरमाड जमिनीत मोठ्या पोकळ्या जास्त. पाणी भरभर खाली जाते आणि पावसाने आठ दिवस दडी मारली की पीक माना टाकते. तिला पाणी धरून ठेवण्याची शक्ती हवी असते. भारी काळ्या जमिनीची तऱ्हा उलटी. तिच्यातील चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात. पाणी पिऊन ते फुगतात, वाळले की आकसतात. उन्हाळ्यात पडणाऱ्या रुंद भेगा त्याचमुळे. पहिला पाऊस या भेगांतून गटगट खाली जातो. एकदा भेगा मिटल्या की दार बंद. पुरती भिजलेली भारी काळी जमीन तासाला एक मिलिमीटर पाणीसुद्धा खाली सोडत नाही. म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तो नुसता मुरायला दोन दिवसांहून जास्त वेळ लागणार. तेवढ्यात दुसरा पाऊस आला तर? अशाच जमिनी पुढे चिबड होतात.

आपली जमीन ओळखण्यास प्रयोगशाळाच हवी असे नाही. तीन परीक्षा घरी करता येतात.

पहिली, बांगडीची परीक्षा. मूठभर माती पाण्याने मळून तिची पेन्सिलीएवढी वळी करा आणि बांगडीसारखी वळवा. वळीच झाली नाही तर जमीन भरड. वळी झाली पण वळविताना तुटली तर मध्यम. न तुटता बांगडी झाली तर भारी.

दुसरी, खड्ड्याची परीक्षा. शेतात दोन फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि मुरू द्या. नंतर पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेस खड्ड्यात पाणी दिसले तर निचरा वाईट आहे असे समजा. खड्डा घेतलाच आहे तर त्याच्या भिंतीही पाहा. वर भुसभुशीत आणि वीतभर खाली दगडासारखा कठीण थर लागला, तर तो वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगरल्याने व ट्रॅक्टरच्या वजनाने झालेला असतो. तो थर न फोडता वर माती टाकणे म्हणजे ताटलीत पाणी ओतण्यासारखे आहे.

तिसरी, चोपणाची परीक्षा. काचेच्या पेल्यात पावसाचे पाणी घेऊन त्यात वाळलेले लहान ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका. काही तासांनी पाणी दुधासारखे गढूळ झाले आणि तसेच राहिले, तर जमिनीत सोडियम वाढून ती चोपण होत आहे असा संशय घ्यावा. हीच परीक्षा बाहेरून आणायच्या गाळालाही लावावी.

गाळ कोणाला मानवतो?

तलावात येणारा गाळ म्हणजे आपल्याच शेतांची, पावसाने धुऊन नेलेली वरची कसदार माती. तो परत शेतात नेणे ही जुनी रीत आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुरा केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात नदीनाल्यांतील व तलावांतील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, अशी सूचना सरकारला केली होती. अलीकडच्या काळात सरकारांनीही हे मनावर घेतले. शेजारच्या तेलंगणाने २०१५ मध्ये 'मिशन काकतीय' सुरू करून ४६ हजारांवर तलाव सुधारण्याचे ठरविले. त्यातून निघालेला गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला. बीदर जिल्ह्यात २०१६ च्या दुष्काळाच्या सुमारास तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांनी तलाव व जुन्या विहिरींतील गाळ काढण्याची मोहीम चालविली. महाराष्ट्राने मे २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली आणि २०२३ मध्ये ती नव्या रूपात पुन्हा सुरू केली. त्या वेळी लहान शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी ४०० घनमीटरपर्यंत आणि अडीच एकरांच्या मर्यादेत, अनुदान देण्याचे ठरले. पलीकडच्या अक्कलकोट, उमरग्याच्या नातेवाइकांकडून ही योजना आपल्या कानी आली असेल. परंतु आपण कर्नाटकात आहोत, ती आपल्याला लागू नाही, हे लक्षात घ्यावे.

या सगळ्या उदाहरणांवरून आम्हीही "गाळ म्हणजे सोने" म्हणू लागलो होतो. पण सोने कोणाच्या अंगावर शोभेल तेही पाहावे लागते. गाळ म्हणजे मुख्यतः बारीक चिकणमाती. माळाच्या मुरमाड शेताला, तांबड्या भरड जमिनीला नेमकी तीच कमी असते. तिथे गाळ पाणी धरतो, खत धरतो, आणि पावसाच्या उघडिपीत पिकाला आठ-दहा दिवस जास्त तग धरू देतो. उलट, भारी काळ्या चिबड जमिनीत चिकणमाती आधीच जास्त आहे. तिथे आणखी गाळ टाकणे म्हणजे फुगलेल्या पोटाला पुन्हा जेवण वाढणे. आमच्या त्या शेतकरी बंधूंच्या बाबतीत हेच झाले.

गाडीचा हिशेब

माती मागविण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर एक इंच थर द्यायचा तर ३,६३० घनफूट, म्हणजे सुमारे ३६ ब्रास माती लागते. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो असे धरले तर इंचाला ३६ खेपा. चार इंचांच्या थराला १४५ खेपा. वर सांगितलेले ४०० घनमीटर म्हणजे १४० ब्रासच्या आसपास, तेव्हा तोही जवळजवळ चार इंचांचाच थर झाला. आपल्या गावचा खेपेचा दर या आकड्यांना लावून पाहा. पुष्कळांचा उत्साह इथेच खाली येतो आणि ते एका अर्थी बरेच असते.

म्हणून सगळ्या शेतावर एकदम हात घालू नये. पहिल्या वर्षी अर्ध्या एकरात एक-दोन इंच गाळ टाकावा, शेजारचा पट्टा तसाच ठेवावा आणि दोन्हींचे पीक पारखावे. गाळाचे ढीग पंधरा दिवस उन्हात वाळू द्यावेत, ढेकळे फोडावीत, सारखे पसरावे आणि नांगर-कुळवाने खालच्या मातीत चांगले मिसळून घ्यावे. नुसता वर पसरून ठेवलेला गाळ पापुद्र्यासारखा बसतो, आणि खालच्या भरड मातीत पाणी उतरायला अडथळा होतो. तलावाच्या खोल थरातला गाळ ताजा असताना जिवंत नसतो. त्याला एकरी चार-पाच गाड्या चांगल्या कुजलेल्या शेणखताची जोड द्यावी. गाळ आहे म्हणून शेणखत बंद, असे करू नये.

चिबड जमिनीत वाळू-मुरूम टाकावा काय?

"काळीत गाळ नको तर वाळू किंवा मुरूम टाकतो," असे पुष्कळ जण म्हणतात. कल्पना तर्काला धरून वाटते. परंतु हिशेब पाहा. समजा, मातीत शंभरात ५५ भाग चिकणमाती आहे आणि ती ४० वर आणायची आहे. वरच्या सहा इंचांसाठीसुद्धा एकरी सुमारे ६० ब्रास शुद्ध वाळू लागेल, आणि ती सहा इंचांत एकजीव मिसळावी लागेल. एवढे करूनही सातव्या इंचाला जुनीच काळी माती. पाणी वरून सहा इंच उतरेल आणि तिथे थांबेल. थोडीशी वाळू टाकली तर तिचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि वाळल्यावर विटेसारखे ढेकूळ होते. शिवाय नदीची वाळू उपसणे म्हणजे नदीचे आणि विहिरींचे पाणी घालविणे. परवान्याशिवाय तो गुन्हाही आहे.

मग चिबड जमिनीला उपाय काय? उपाय आहे, आणि तो मातीच्या गाड्यांहून स्वस्त आहे.

एक, वरून येणारे पाणी अडवा. आपल्या शेतातले निम्मे पाणी पुष्कळदा आपले नसते, वरच्या माळाचे असते. शेताच्या वरच्या अंगाला आडवा चर काढून ते ओढ्याकडे वळवावे.

दोन, खालच्या अंगाला बाहेर पडण्याची वाट द्या. चर दोन-अडीच फूट खोल, तळाशी अरुंद आणि वर रुंद असावा, म्हणजे कडा ढासळत नाहीत. त्याचा उतार ओढ्याकडे आहे की नाही, ते पाणसळीने पाहावे. डोळ्यांवर विसंबू नये.

तीन, पीक उंचावर घ्या. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरी ही पद्धत बसविली. सुमारे तीन फूट रुंदीचा सपाट वरंबा आणि त्याच्या बाजूला दीड फुटाची सरी, असे पट्टे हलक्या उतारावर काढायचे. पीक वरंब्यावर राहते. जादा पाणी सरीतून निघून जाते आणि पाऊस कमी झाला तर तीच सरी ओल धरते. यात बाहेरची एक टोपली माती लागत नाही. शेतातलीच माती उचलून उंच केलेली असते.

चार, जमिनीला जीव द्या. शेणखत, हिरवळीचे खत, तुरीचा पडलेला पाला यांनी बारीक कण एकत्र बांधले जातात आणि मोठ्या पोकळ्या तयार होतात. माती परीक्षणात जमीन चोपण निघाली तर सांगितलेल्या मात्रेने जिप्सम घालावे. पण जिप्समने सुटलेला क्षार वाहून जायलाही निचरा लागतोच.

बागायतीत जिथे जमिनीखालचे पाणी वर येऊन क्षार फुटले आहेत, तिथे तर वर कितीही नवी माती टाकली तरी खालचे क्षार दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे वर चढतात. महाराष्ट्रात शिरोळ तालुक्यात उसाच्या अशा क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी तेथील श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीच्या पोटात सच्छिद्र पाइप घातले आणि क्षारांचे पाणी बाहेर काढले. तिथेही धडा हाच की आधी पाण्याला वाट.

खोलगट जागा भरायची असेल तर

आता एक जागा अशी आहे की जिथे भर घालणे योग्यच असते. चांगल्या शेताच्या मध्ये बशीसारखा खळगा असतो, तिथे दर वर्षी पाणी थांबते आणि तेवढे पीक जाते. तो भरताना क्रम चुकवू नये.

प्रथम खळग्यातली वरची सहा ते आठ इंच कसदार माती काढून बाजूला रचा. ही माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, ती गाडून टाकू नका. मग खालचा कठीण थर खोल नांगराने फोडा. त्यावर भर घाला. शक्यतो आपल्याच शेताच्या उंचवट्याची किंवा त्याच जातीची माती घ्या. भरड मातीवर एकदम बारीक, बारीकवर एकदम भरड, असे थर दिले तर पाणी सांध्यावर अडते. शेवटी बाजूला ठेवलेली मूळ माती वर पसरा. भर पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत दबते, म्हणून आजूबाजूपेक्षा किंचित उंच ठेवा. हे काम कोरड्या जमिनीवर, चैत्र-वैशाखातच करावे. ओल्या काळ्या जमिनीवर भरलेली ट्रॉली फिरली की चाकाखाली जो कठीण पट्टा होतो, तो काही वर्षे पीक खातो.

फुकटची माती महागात पडते

रस्त्याचे किंवा इमारतीचे काम चालले की ठेकेदाराला निघालेली माती कुठे तरी टाकायचीच असते. तो म्हणतो, "फुकट टाकून देतो." अशा वेळी आपण उपकार घेत आहोत की त्याचा कचरा घेत आहोत, हे पाहावे. हा प्रश्न केवळ आपला नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९७३ पासून शेतीसाठी राखून ठेवलेल्या जमिनी आहेत. तिथेही शहरातल्या खोदकामाची माती शेतात आणून टाकण्याचे प्रकार वाढले. "निचरा सुधारतो" हे कारण सांगितले जाई आणि भराव्यात सिमेंटचे तुकडे निघत. त्यामुळे तेथील भूमी आयोगाला आधी कळविल्याशिवाय वा परवानगी घेतल्याशिवाय असा भराव घालता येत नाही.

आपण एवढे तरी करावे. माती जिथून येणार ती जागा आधी स्वतः जाऊन पाहावी. वीट, काच, डांबर, प्लास्टिक, तेलाचा वास असेल तर ती माती नको. दुसऱ्याच्या तुरीच्या शेतातली माती घेण्याआधी तिथे मर रोग होता का, ते विचारावे. मर रोगाची बुरशी जमिनीत आणि धसकटांत वर्षानुवर्षे जिवंत राहते. रोगाची माती आणली तर आपण पैसे देऊन रोग विकत घेतला. गाजर गवत, लव्हाळा यांचे बी आणि गाठीही मातीबरोबर येतात.

शंका असेल तर नमुना तपासून घ्यावा. रायचूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाखालील कृषी विज्ञान केंद्र कलबुर्गीस आहे. तिथे अथवा रयत संपर्क केंद्रात विचारणा करावी. गाळाच्या ढिगाच्या सात-आठ ठिकाणांहून थोडी थोडी माती घ्या, एकत्र करा आणि त्यातून अर्धा किलो पिशवीत द्या. सामू साडेआठच्या वर किंवा क्षार जास्त निघाले, तर ती माती शेतात येऊ देऊ नये.

परवानगीचेही पाहावे. आपल्या राज्यात ४० हेक्टरपर्यंत भिजविणारे लहान तलाव पंचायतराज व्यवस्थेकडे आणि त्याहून मोठे लघु पाटबंधारे खात्याकडे असतात. त्यांना विचारल्याशिवाय गाळ काढू नये. मुरूम हे गौण खनिज आहे, त्याला खाण खात्याचा परवाना लागतो. तलावात खोदताना बांधाच्या पायथ्याजवळ हात लावू नये. गाळ संपून मुरूम लागला की थांबावे. साठवण तलावाच्या तळाचा चिकण थर फोडला तर तलावच गळू लागेल.

शेजाऱ्याचे पाणी

आपण शेत फूटभर उंच केले की पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या शेतात जाते. सख्ख्या भावांमध्ये बांधावरून जी भांडणे होतात, त्यांत पुष्कळदा मूळ कारण पाण्याचे असते. आम्ही अशी भांडणे मिटवायला बसलो आहोत. कोर्टाची पायरी चढल्यावर दोन्ही घरांची तूर वकिलाच्या घरी जाते, एवढेच आम्ही सांगू शकतो. म्हणून भर घालण्याआधी खालच्या आणि वरच्या शेजाऱ्याला घेऊन बांधावर उभे राहा आणि पाणी कुठून येते, कुठे जाणार, हे बोटाने दाखवून ठरवा. वहिवाटीचा ओघ किंवा सरकारी नाला बुजवू नका. आपल्या तालुक्यातली अमरजा जशी गाणगापुरापाशी भीमेला मिळते, तसे शेवटी प्रत्येक चराला कुठे तरी मोठ्या ओघाला मिळावे लागते. एकट्याचा चर एकट्यापुरता चालत नाही. पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून एक चर ओढ्यापर्यंत नेला तर खर्च वाटला जातो आणि मनेही जुळतात.

आरोग्याच्या चार गोष्टी

माती काढली की मागे खड्डा राहतो. पावसाळ्यात तो भरतो. तलावात जेसीबीने उभ्या कडांचे खड्डे केले तर वरून पाणी सपाट दिसते आणि पोहायला उतरलेले मूल एका पावलात खोल जाते. खड्ड्याच्या कडा तिरप्या करून घेणे हे ट्रॅक्टरवाल्याचे नव्हे, आपले काम आहे. खड्डे तसेच सोडून खेपा मोजून घरी जाऊ नका.

गावाजवळ डबकी राहिली की आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडते आणि हिवताप घरोघर फिरतो. वस्तीजवळून माती काढूच नये. काढलीच तर खड्डा बुजवावा किंवा त्याचे पाणी काढून द्यावे.

ज्या तलावात गावाची गटारे येतात, त्याचा गाळ भाजीपाल्याला वापरू नये. त्यात जंतांची अंडी असतात आणि शहराजवळच्या तलावात कारखान्यांची विषेही असू शकतात. गाळ पसरताना अनवाणी जाऊ नये. काच किंवा खिळा लागला तर हळद लावून स्वस्थ बसू नका. जखम साबण-पाण्याने धुऊन आरोग्य केंद्रात धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. वाळलेल्या गाळाची धूळ छातीत जाते, तेव्हा नाका-तोंडावर ओला रुमाल बांधावा आणि दम्याच्या माणसाला या कामावर पाठवू नये.

शेवटी

ज्या बंधूंची गोष्ट आरंभी सांगितली, त्यांच्या शेतात पुढच्या उन्हाळ्यात आम्ही जाऊन बसलो. पहिल्यांदा क्षमा मागितली, मग खड्डा घेऊन पाहिला. वरचा गाळ आणि खालची काळी यांच्या मध्ये कठीण थर होता. त्यांनी तो खोल नांगरटीने फोडला, खालच्या दोन शेजाऱ्यांशी बोलून ओढ्यापर्यंत चर नेला आणि रुंद वरंब्यावर तूर घेतली. झालेले नुकसान भरून आले असे आम्ही म्हणणार नाही. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. पण त्या वर्षी मोठ्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी शेतात पाऊल ठेवता आले. पूर्वी आठ दिवस ठेवता येत नसे.

तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला होकार देण्याआधी घरातल्या सर्वांसमोर हे पाच प्रश्न विचारा. माझ्या जमिनीला नेमके काय कमी आहे? येणाऱ्या मातीत तेच आहे काय? साचणारे पाणी बाहेर कुठून जाणार? शेजाऱ्याला विचारले काय? आणि किती खेपा, किती पैसे, फिटणार कधी? पाचही उत्तरे मिळाली तर माती जरूर टाका. एकही अडले, तर या उन्हाळ्यात फावडे घ्या आणि आधी चर खणा.